बदलापूरला जाऊ का, डॉक्टर?

दादरच्या एका जुन्या चाळीच्या तळमजल्यावर माझा दवाखाना आहे. तेथे गेली २७ वर्षे मी रुग्ण तपासत आहे. सर्दी-ताप, मधुमेह, गुडघेदुखी यांच्या जोडीने अलीकडे एक प्रश्न वारंवार पुढे येतो. रक्तदाब मोजून झाला, गोळ्या लिहून झाल्या, की साठी ओलांडलेले गृहस्थ खुर्ची जरा पुढे ओढतात आणि हळूच विचारतात, "डॉक्टर, एक सल्ला हवा होता. इथली जागा सोडून आम्ही बदलापूरला जावं म्हणतो. प्रकृतीच्या दृष्टीनं कसं राहील?"

गावाचे नाव कधी टिटवाळा असते, कधी नेरळ, कधी पालघर. प्रश्न तोच असतो. आयुष्यभर गर्दीत राहिलेल्या माणसाला उतारवयात थोडी शांतता हवीशी वाटते. त्यात वावगे काहीच नाही. अनेक वर्षे मीही या प्रश्नाला एकच उत्तर देत असे : "अवश्य जा. हवा चांगली आहे, मोकळं वाटेल." हे उत्तर अपुरे होते, हे मला एका कुटुंबामुळे कळले. त्या अपुरेपणात माझा वाटा किती होता, हे सांगण्यासाठीच हा लेख लिहीत आहे. रुग्णांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. घडले ते मात्र असेच.

आमच्या चाळीत सारे त्यांना नाना म्हणत. महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक, वय ७१. काकू ६७ वर्षांच्या. मुलगा नोकरीनिमित्त बंगळुरूला. चार वर्षांपूर्वी नानांनी मला तो प्रश्न विचारला, तेव्हा त्यांच्या बाजूने सबळ कारणे होती. चाळीचे जिने उभे आणि लाकडी. शौचालय सामायिक, गॅलरीच्या टोकाला. प्रोस्टेटच्या त्रासामुळे नानांना रात्री तीनदा उठावे लागे आणि प्रत्येक वेळी अंधूक उजेडात १८ खोल्यांसमोरून चालत जावे लागे. काकूंचे गुडघे उकिडवे बसू देत नव्हते. समोरच्या रस्त्यावर पहाटे चारपासून भाजीचे टेम्पो लागत. मंडपांचे दिवस आले, की ध्वनिवर्धकामुळे खिडक्यांच्या काचा थरथरत.

चाळीच्या आठवणींनी गहिवरून येणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे. वृद्ध माणसाला पायांपाशी संडास आणि अखंड झोप मिळणे ही चैन नाही, ती वैद्यकीय गरज आहे. रात्री अंधारात चालताना तोल जाऊन खुब्याचे हाड मोडलेले रुग्ण मी पाहिले आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५ डेसिबल ही आवाजाची मर्यादा आपल्याकडे २००० सालच्या नियमांनी घालून दिलेली आहे. परंतु वाहत्या रस्त्यालगतच्या घरात ती मर्यादा कागदावरच राहते. रात्रीचा सततचा गोंगाट केवळ झोप मोडत नाही. झोपेत असतानाही शरीर त्या आवाजाला प्रतिसाद देते, नाडी जलद होते, रक्तदाब वाढतो. वर्षानुवर्षे हे चालले, तर हृदयाला त्याची किंमत मोजावी लागते.

तेव्हा नानांना मी म्हणालो ते खोटे नव्हते. त्यांनी खोलीचे हक्क सोडले, मिळालेल्या रकमेत भर घातली आणि बदलापूरला एका नव्या संकुलात चौथ्या मजल्यावर दोन खोल्या व स्वयंपाकघर असे घर घेतले. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ६८ किलोमीटर. दादरहून जलद लोकलने सव्वा तासाच्या आसपास. जाताना ते पेढे घेऊन दवाखान्यात आले. "डॉक्टर, घोडे बदलण्याची जागा म्हणून बदलापूर, अशी एक व्युत्पत्ती सांगतात. आता आम्हीही घोडे बदलतो," असे म्हणून ते हसले. मी त्यांच्या पाया पडलो. त्यांच्या औषधांची चिठ्ठी तेवढी नवी लिहून दिली.

तेथे त्यांना कोणत्या डॉक्टरकडे जायचे, हे मी विचारले नाही.

पहिले वर्ष उत्तम गेले. काकूंचे फोन येत. बाल्कनीतून डोंगर दिसतो, जांभळे ताजी मिळतात, पश्चिमी पद्धतीच्या शौचालयामुळे गुडघ्यांना सुख आहे, नाना रात्री सलग पाच तास झोपतात. मला आनंद वाटे. एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली नाही. दादरला असताना नाना दर पंधरा दिवसांनी जिना उतरून माझ्याकडे रक्तदाब मोजायला येत. त्यासाठी वेगळे कष्ट नव्हते. वर्तमानपत्र आणायला जाताना वाटेतच दवाखाना होता. बदलापूरला गेल्यावर "पुढच्या आठवड्यात दादरला जाणारच आहे, तेव्हा डॉक्टरांना दाखवीन," असे म्हणता म्हणता महिने गेले. लोकलची गर्दी आठवली, की जाणे पुढे ढकलले जाई. रक्तदाबाच्या दोन गोळ्यांपैकी एक संपली. जवळच्या दुकानात ती मिळाली नाही. झोप चांगली लागते, डोके दुखत नाही, म्हणजे रक्तदाबही बरा असणार, असा त्यांचा समज झाला. रक्तदाब बहुतेक वेळा काहीही लक्षण न दाखवता वाढतो, हे मी त्यांना अनेकदा सांगितले होते. पण सांगणारा मी आता जिन्याखाली नव्हतो.

दीड वर्षाने, जुलै महिन्यात, एके दिवशी सकाळी सहाच्या सुमारास नानांच्या हातातून चहाचा कप निसटला. उजवा हात लुळा पडला आणि बोलणे अडखळू लागले. पाचला ते नेहमीसारखे उठले होते, चहाही त्यांनी स्वतःच केला होता. काकूंना वाटले, अशक्तपणा असेल. त्यांनी नानांना पलंगावर निजवले, साखरपाणी पाजले. बाहेर पाऊस कोसळत होता. शेजारच्या दाराला कुलूप, समोरचे कुटुंब केवळ शनिवार-रविवारी येणारे. इतक्या पहाटे मुलाला कशाला घाबरवायचे, म्हणून काकू आठपर्यंत थांबल्या. मुलाने बंगळुरूहून मला फोन केला. मी म्हणालो, "एक मिनिटही थांबू नका. जिथे सीटी स्कॅन आहे, अशाच रुग्णालयात न्या." पण असे रुग्णालय कोणते, हे ना मुलाला ठाऊक होते, ना काकूंना, ना मला. पहारेकऱ्याने रिक्षा आणली. आधी ते जवळच्या एका छोट्या रुग्णालयात गेले. तेथे सीटी स्कॅनची सोय नव्हती. तेथून पाण्यातून वाट काढत दुसऱ्या शहरातील मोठ्या रुग्णालयात पोहोचून तपासणी होईपर्यंत पावणेबारा वाजले होते.

मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून झालेल्या पक्षाघातात ती गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. त्याआधी सीटी स्कॅन करून मेंदूत रक्तस्राव नाही ना, याची खात्री करावी लागते. नानांच्या बाबतीत ती मुदत साडेदहाला संपली होती. त्यांचा जीव वाचला. उजव्या हाताची पकड मात्र पूर्ण परत आली नाही. ज्या हाताने त्यांनी ३० वर्षे फळ्यावर सुवाच्य अक्षर काढले, त्या हाताने आता सहीही वेडीवाकडी होते.

त्या दिवसानंतर मी माझ्या उत्तराचा पुन्हा विचार करू लागलो. दोष बदलापूरचा होता का? तसे म्हणणे सोपे असले, तरी ते न्याय्य ठरणार नाही. दादरलाही माणसे एकाकी असतात आणि उशीर तेथेही होतो. तरीही फरक होता. चाळीत सकाळी सहाला काकूंनी गॅलरीत येऊन हाक मारली असती, तर चार दारे उघडली असती. त्यांतल्या एकाने तरी मला खालून बोलावले असते आणि परळचे केईएम रुग्णालय तेथून काही मिनिटांवर होते. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे चाळीत असताना नानांची गोळी बहुधा संपलीच नसती. अंतराचे नुकसान आपण रुग्णवाहिकेच्या मिनिटांत मोजतो. खरे नुकसान त्याआधी अनेक महिने, आवाज न करता होत असते : न मोजलेल्या रक्तदाबात, न बदललेल्या चष्म्यात, पुढे ढकललेल्या तपासणीत.

याच काळात एक ७९ वर्षांच्या आजी माझ्याकडे आल्या. त्यांची कथा वेगळी; तरी त्याच प्रश्नाची ती दुसरी बाजू आहे. मुलगा व सून दोघेही नोकरीला. दक्षिण मुंबईतील भाड्याची जागा परवडेना, म्हणून सारे कुटुंब दूरच्या उपनगरातील शांत, हिरव्यागार संकुलात राहायला गेले. मुलगा-सून सकाळी सातची लोकल पकडत आणि रात्री नऊला घरी येत. नातू वसतिगृहात. म्हणजे आजी रोज १४ तास एकट्या. सहा महिन्यांत त्यांचे वजन सहा किलोंनी घटले. मुलाने रक्त, थायरॉइड, छातीचा एक्स-रे, पोटाची सोनोग्राफी असे सगळे करून घेतले. सारे अहवाल ठीक. मी त्यांना एकटीला बसवून विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "डॉक्टर, दिवसभर तोंडातून शब्दच निघत नाही, तर घास कुठून आत जाईल?"

मुलगा बाहेर बसून हवालदिल झाला होता. त्याचे आईवर प्रेम नव्हते, असे मुळीच नाही. रोज चार तास लोकलमध्ये उभे राहून तो आईसाठीच ते मोठे, हवेशीर घर चालवत होता. काळजीवाहू कुटुंबीयांची ही मोठी शोकांतिका आहे : ज्या घरासाठी ते राबतात, त्या घरात वृद्धांच्या वाट्याला ते स्वतः येत नाहीत.

एकटेपणा हा मनाचा विषय आहे, शरीराचा नव्हे, असे मानण्याची आपली सवय आहे. वैद्यकशास्त्र आता तसे मानत नाही. १४८ अभ्यासांतील ३ लाखांहून अधिक व्यक्तींच्या माहितीचे एक एकत्रित विश्लेषण २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांचे सामाजिक संबंध दृढ आहेत, त्यांची अभ्यासाच्या काळात हयात राहण्याची शक्यता इतरांच्या तुलनेत सुमारे ५० टक्के अधिक आढळली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सामाजिक बंधांविषयी स्वतंत्र आयोगच नेमला. माणसांचा सहवास हा आता औषधांच्या यादीशेजारी लिहावा, असा विषय झाला आहे.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी मी नानांना भेटायला बदलापूरला गेलो. खरे सांगायचे तर ते जाणे केवळ त्यांच्यासाठी नव्हते. त्या वेळी माझ्या टेबलाच्या खणातही तिथल्याच एका गृहसंकुलाचे माहितीपत्रक होते. मी ५६ वर्षांचा आहे. पत्नीची निवृत्ती दोन वर्षांवर आली आहे. आम्हा दोघांबरोबर माझी ८३ वर्षांची आई राहते. दादरच्या रस्त्याचा कोलाहल मलाही आता सोसवेना. आईलाही निवांतपणा मिळेल, असे मी पत्नीला सांगत होतो. थोडक्यात, रुग्ण मला विचारीत तो प्रश्न आता मीच स्वतःला विचारीत होतो.

स्थानकाबाहेर पडल्यावर दूरवर चंदेरीचा सुळका दिसला. हवेत पहाटेचा गारवा अजून होता. मनात आले, नानांना मोह पडला यात नवल ते काय! त्याचबरोबर डॉक्टरच्या नजरेला इतरही गोष्टी दिसत होत्या. नवी बांधकामे आणि त्यांची धूळ. जवळच औद्योगिक वसाहत. शहराबाहेर गेले, की हवा आपोआप शुद्ध होते असे नाही. दम्याच्या रुग्णाने वारा कोणत्या दिशेने येतो आणि रात्री कसला वास येतो, हे तेथे राहूनच पाहावे. उल्हास नदीकाठचे सखल भाग २००५ च्या जुलैत पाण्याखाली गेले होते. जुलै २०१९ मध्ये बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना सोडवून आणावे लागले. डिसेंबरात घर पाहणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही.

नाना बाल्कनीत बसले होते. मांडीवर पाटी घेऊन डाव्या हाताने अक्षरे गिरवण्याचा त्यांचा सराव चालला होता. मला पाहून म्हणाले, "या डॉक्टर. आता मी पुन्हा पहिलीत बसलोय." मी काय बोलावे ते मला सुचेना. शेवटी म्हणालो, "नाना, तुम्ही मला विचारलं होतं, तेव्हा मी पुरता विचार न करता उत्तर दिलं. इथला एखादा डॉक्टर शोधून द्यायला हवा होता."

नाना थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "गोळी मी सोडली, डॉक्टर. तुम्ही नाही." मला वाटले होते, ते परत यायचे म्हणतील. तसा विषय मी काढलाही. त्यावर काकू म्हणाल्या, "परत कशाला? तिथं संडास अजून गॅलरीच्या टोकालाच आहे ना?" आणि हसल्या. मग गंभीर होऊन त्यांनी जे सांगितले, ते मला कोणत्याही पाठ्यपुस्तकात मिळाले नसते. "पहिल्या वर्षी आम्ही घर लावलं, डॉक्टर. पडदे घेतले, कुंड्या आणल्या. माणसं जोडायची राहून गेली."

आजारपणानंतर त्यांनी ते काम हाती घेतले होते. घराची एक किल्ली खालच्या मजल्यावरील कुटुंबाकडे असते. सकाळी सातपर्यंत दारातली दुधाची पिशवी उचलली गेली नाही, तर ते लोक बेल वाजवतात. संकुलातील नऊ-दहा ज्येष्ठांचा एक कट्टा जमतो. कुणी एक दिवस आले नाही, तर त्याला फोन होतो. भिंतीवर मोठ्या अक्षरांत एक कागद चिकटवलेला होता : १०८ रुग्णवाहिका, चोवीस तास सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयाचा दूरध्वनी, ओळखीच्या रिक्षाचालकाचा क्रमांक, नानांच्या गोळ्यांची नावे. स्थानिक डॉक्टरांकडे महिन्याच्या ठरलेल्या तारखेला तपासणी होते. हे सारे त्यांना पहिल्या महिन्यातही करता आले असते, कुणी सुचवले असते तर. ते सुचवणे माझे काम होते.

म्हणून आता तो प्रश्न आला, की मी आधी उलट प्रश्न विचारतो. वाचकांपैकी कुणी अशा विचारात असतील, तर त्यांनीही ते स्वतःला विचारून पाहावेत.

पहिला प्रश्न : तुम्ही तेथे एक पावसाळा काढला आहे का? शक्यतो जुलैत एक महिना भाड्याने राहा. वीज किती वेळ जाते, लिफ्टला जनित्र आहे का, पाणी किती तास येते, रस्ता तुंबतो का, हे तेव्हाच कळते. जुने घर लगेच विकू नये. परतीचा रस्ता उघडा असला, की मन नव्या जागी लवकर रमते.

दुसरा प्रश्न : रात्री दोन वाजता कुठे जायचे, हे ठरले आहे का? जवळ रुग्णालय आहे, एवढे पुरेसे नाही. तेथे चोवीस तास सीटी स्कॅन होतो का आणि हृदयविकाराच्या झटक्यावर उपचार होतात का, हे प्रत्यक्ष जाऊन विचारावे. एकदा रिक्षाने जाऊन वेळ मोजावा. इमारतीच्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावते का, तेही पाहावे. घरातील प्रत्येकाला पक्षाघाताच्या खुणा पाठ असाव्यात : चेहरा एका बाजूला वाकडा होणे, एक हात वर न उचलला जाणे, बोलणे अडखळणे. यांपैकी एकही अचानक दिसली, तर घड्याळाकडे पाहून वेळ लिहून ठेवावी आणि १०८ ला फोन करावा. अशा वेळी रुग्णाला पाणी, साखर, गोळी यांपैकी तोंडाने काहीही देऊ नये. गिळण्याची क्रिया बिघडलेली असू शकते आणि घास श्वासनलिकेत जाऊ शकतो.

तिसरा प्रश्न : तुमच्या रोजच्या प्रकृतीवर लक्ष कोण ठेवणार? सामान हलवण्याआधीच तिथला एक कौटुंबिक डॉक्टर ठरवावा. जुन्या डॉक्टरांकडून आजारांची, औषधांची व ॲलर्जीची माहिती एका कागदावर लिहून घ्यावी आणि ती त्यांना नेऊन द्यावी. नेहमीची औषधे कुठे मिळतात, ते पाहून ठेवावे.

चौथा प्रश्न : पायी कुठे जाता येईल? औषधाचे दुकान, भाजी, देऊळ, वाचनालय, बसायला एखादा बाक, यांपैकी काही काठी टेकत जाता येईल इतक्या अंतरावर आहे का? जेथे प्रत्येक कामासाठी रिक्षा लागते, तेथे वृद्ध माणूस हळूहळू घराबाहेर पडणेच सोडतो. मग स्नायू क्षीण होतात, तोल जाऊ लागतो आणि शांत घराचे रूपांतर कोंडलेल्या घरात होते.

पाचवा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा : एके सकाळी तुमचे दार उघडले नाही, तर ते कुणाच्या लक्षात येईल, आणि किती वेळाने? याचे उत्तर एखाद्या माणसाच्या नावाने देता आले पाहिजे. "मुलगा रात्री फोन करतो" हे उत्तर पुरेसे नाही. दिवसभर एकट्या असणाऱ्यांनी किंवा त्यांच्या मुलांनी ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी १४५६७ हीसुद्धा लिहून ठेवावी. पण मदतवाहिनी म्हणजे शेजारी नव्हे.

आणखी एक गोष्ट वयाची. नवी माणसे जोडण्याची उमेद साठीत जेवढी असते, तेवढी ऐंशीत राहत नाही. जायचेच असेल, तर पाय धड असताना जावे. स्मृतिभ्रंश सुरू झालेल्या माणसाला मात्र जागा बदलताना फार विचार करावा. ओळखीच्या भिंती, ओळखीचा संडास, ओळखीचा आवाज यांच्या आधाराने तो दिवस निभावत असतो. ते आधार एकदम गेले, की गोंधळ वाढतो. हलवणे अटळच असेल, तर त्याचा पलंग, घड्याळ, देव्हारा बरोबर न्यावेत, पूर्वीच्याच रचनेत मांडावेत आणि पहिले काही आठवडे घरचे कुणीतरी सतत जवळ असावे.

त्या आजींच्या बाबतीत आम्ही काय केले, हेही सांगतो. घर बदलणे मुलाला शक्य नव्हते. सुनेने आठवड्यातून दोन दिवस घरून काम करण्याची परवानगी मिळवली. संकुलातील एका शाळकरी मुलीला आजी रोज संध्याकाळी पाढे आणि शुद्धलेखन शिकवू लागल्या. मुलीची आई त्यांच्याबरोबर चहा घेते. चार महिन्यांनी वजन तीन किलोंनी वाढले. औषध म्हणून मी फक्त एक जीवनसत्त्वाची गोळी दिली होती.

राहिला माझा प्रश्न. बदलापूरहून परतल्यावर माहितीपत्रक काढून मी आईसमोर ठेवले. ती सकाळी खिडकीत बसते. खाली भाजीवाल्या टोपल्या मांडतात, फुलांच्या पिशव्या घेऊन बायका जातात, शाळेची मुले धावत असतात. तिला ऐकू कमी येते, म्हणून मी मोठ्याने विचारले, "आई, आपण जरा शांत ठिकाणी राहायला जाऊ या का?"

तिने माहितीपत्रकातील हिरवळीचे चित्र न्याहाळले. म्हणाली, "छान आहे रे. पण मला ऐकू येत नाही, हे तुला ठाऊक आहे. मला दादरही शांतच आहे. मला माणसं दिसायला हवीत."

तीन वर्षे मी तिच्या नावाने जी शांतता शोधत होतो, ती मला हवी होती, तिला नव्हे. तिला मी कधी विचारलेच नव्हते. डॉक्टर असूनही तिची श्रवणतपासणी मी दोन वर्षे पुढे ढकलली होती, हेही त्या क्षणी लक्षात आले. त्याच आठवड्यात ती करून घेतली. आता तिच्या कानात यंत्र आहे आणि खालच्या भाजीवालीशी ती खिडकीतूनच भाव करते.

आम्ही तूर्त दादरलाच राहणार आहोत. रस्त्याकडच्या खोलीला दुहेरी काचेची खिडकी बसवून घेतली आणि मी मागच्या खोलीत झोपू लागलो. पत्नी निवृत्त झाल्यावर एक पावसाळा बदलापूरला भाड्याने काढायचा, असे आम्ही दोघांनी ठरवले आहे. आईला पटले, तर तिलाही घेऊन. मग पुढचे पुढे.

परवा दवाखान्यात आणखी एका जोडप्याने विचारले, "डॉक्टर, बदलापूरला जाऊ का?" दोघांची खुर्ची मी जवळ घेतली आणि त्या काकूंकडे वळून म्हणालो, "आधी तुम्ही सांगा काकू, तिथं तुम्ही रोज कुणाशी बोलणार आहात?" काकांनी चमकून त्यांच्याकडे पाहिले. हा प्रश्न त्यांनीही विचारलेला नव्हता.